जोडलेलं तेवढंच

"रेवे, डोळे मिटून राहिली तू."

"नाही न, आबाजी. पापणी लवली फक्त."

"पापणी लवायला एवढा वेळ लागत नाही. चल, ऊठ. उभी राहून सांग, कोळ्याला पाय किती?"

"मोजून सांगू? मोरीत आहे एक."

"जा, मोजून ये. पण त्याला हात नको लावू."

रेवा उठली आणि आबाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. रविवारची दुपार होती. फेब्रुवारी सरत आला होता आणि परतवाड्यात आत्तापासूनच पंखा लावावा लागत होता. जेवणात पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि भाकरी झाली होती. अशा वेळी दहा वर्षांची मुलगीच काय, घरातलं कुणीही आडवं झालं असतं. आबाजींनी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. जेवणानंतरच्या तासाला वर्ग जागा ठेवणं ही काय मेहनत असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण शाळेत एखादं पोर डुलकलं तर फार तर खडूचा तुकडा फेकून मारायचा. इथे तसं नव्हतं. आतल्या खोलीत प्रमिलाचं, म्हणजे त्यांच्या सुनेचं, काम संपेपर्यंत रेवाला झोपू द्यायचं नव्हतं. तेवढ्या वेळात ती झोपली, तर तिचा श्वास थांबला असता.

आपण झोपतो तेव्हा श्वास घ्यायची आठवण आपल्याला कुणी करून द्यावी लागत नाही. मेंदूच्या खालच्या टोकाला, मानेच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो रक्ताची चव घेत बसलेला असतो म्हणा ना. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो छातीच्या तळाशी असलेल्या पडद्याला निरोप धाडतो, पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. आपण गाढ झोपेत असलो तरी हा पहारेकरी जागाच असतो. रेवाचा पहारेकरी मात्र जन्मापासून तिच्याबरोबरच झोपत असे. जागेपणी ती धावे, ओरडे, भांडे, इतर मुलांसारखाच श्वास घेई. झोप लागली की श्वास थांबे.

म्हणून तिच्या छातीत, पडद्याकडे जाणाऱ्या नसांवर, दोन बारीक तारा बसवल्या होत्या. वर, कातडीवर, रुपयाहून थोडी मोठी एक चकती चिकटवायची. चकतीची वायर उशाशी ठेवलेल्या डब्याला जोडायची. डबा चकतीला स्पंद देई, चकती तो कातडीच्या पलीकडच्या तारांना देई आणि पडदा हले. एक स्पंद, एक श्वास. या डब्याला सगळे श्वासक म्हणत. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण देशभरातल्या शे-दोनशे घरांमध्ये तिचे श्वासक अजून चालू होते. ते चालू ठेवायचं काम त्या घरांतल्या आईबापांनीच आपसांत वाटून घेतलं होतं.

प्रमिला त्यांतलीच एक. तालुक्याच्या शाळेत ती संगणक शिकवायची. नवरा मंगेश नोकरीसाठी गडचिरोलीला, त्यामुळे डब्याचं सगळं तिच्याकडे.

दारात चपला वाजल्या. "गुरुजी, आहात का घरी?"

"ये, कविते. आम्ही कोळ्याचे पाय मोजून राहिलो."

कविता मेश्राम रेवाच्या वर्गशिक्षिका होत्या आणि एके काळच्या आबाजींच्या विद्यार्थिनी. उद्या सकाळी पाचवीचा वर्ग चिखलदऱ्याला शिबिराला जाणार होता. एका रात्रीचा मुक्काम. रेवा आजवर आईशिवाय कुठेही झोपली नव्हती. या वेळी ती हटून बसली होती, आणि मेश्राम मॅडमनी "मी शिकून घेते सगळं" म्हणून शब्द दिला होता. प्रमिला हो म्हणाली होती खरी, पण परवा जुन्या चकतीची वायर तुटली. दोन रात्री प्रमिलाने तुटकं टोक बोटाने दाबून धरत जागून काढल्या होत्या. जुन्या बनावटीची चकती आता कुठेच मिळत नव्हती. नवी मिळाली, पण ती डब्याला ओळखू येईना. डब्याचा कर्नल जुना होता.

"कर्नल? म्हणजे लष्करातला?" मॅडमनी विचारलं.

रेवा खिदळली. आबाजींना शिकवायला निमित्तच हवं होतं. "अगं, शाळेत घंटा कोण देतं?"

"शिपाई."

"शिपाई दिसत नाही फारसा. पण मैदान आत्ता कोणत्या वर्गाला, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे, तास कधी संपला, सगळं त्याच्या हाती. संगणकात तसा एक प्रोग्रॅम असतो. बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे मास्तर आणि पोरं. स्पंद देणारा एक, स्क्रीनवर आकडे दाखवणारा एक. सगळे म्हणतात, आधी माझं. तो ठरवतो, आधी कुणाचं. बाहेरून जे जे जोडलं, चकती असो की बॅटरी, त्याच्याशी बोलायचं तेही त्यानंच. तो कर्नल."

"मग नवा आणून बसवायचा न बाजारातून?"

"बाजारचा सगळ्यांसाठी असतो," आतून प्रमिला म्हणाली. ती दाराशी आली होती. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. "त्यात जगातल्या हजारो यंत्रांची भाषा भरलेली असते. असा जाडजूड कर्नल कधी कधी घंटा द्यायला जरासा उशीर करतो. आपल्या मोबाइलवर ते कळतही नाही. पण रेवा दीड वर्षाची असताना या डब्यात तसाच एक होता. स्पंद मागेपुढे व्हायचा. सकाळी उठली की ओठ निळसर दिसायचे. तेव्हापासून मी तिचा कर्नल स्वतः बांधते. जे लागत नाही ते काढून टाकते. जितका सडपातळ, तितका वेळेवर."

"आणि किती राहिलं अजून?" आबाजींनी विचारलं.

"झालंच. बसवते आता."

रेवाला पलंगावर बसवून प्रमिलाने नवी चकती तिच्या छातीवर टेपने चिकटवली आणि डबा बंद करून पुन्हा चालू केला. डब्याच्या स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या. एका ओळीशी त्या थबकल्या. प्रमिलाने पलंगाची कड धरली. ओळी पुन्हा हलल्या. डब्यावरचा बारीक हिरवा दिवा लागला आणि रेवाचं पोट एका लयीत वरखाली होऊ लागलं.

"गुदगुल्या होतात," रेवा म्हणाली. "नवीन चकती जास्त जोरात आहे."

प्रमिला हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. "आता झोप हवी तेवढी."

"थांबा न, ताई," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "रात्री ही चकती सुटली तर मला कसं कळणार? मी एकदा झोपले की ढोल बडवले तरी उठत नाही. आमच्या घरी विचारा."

"भोंगा आहे त्याला. चकती जागेवरून हलली की वाजतो. तो ऐकून मेलेला माणूससुद्धा उठेल."

"मग एकदा ऐकवा तर खरं."

भोंगा कुठे होता? प्रमिलाला क्षणभर आठवेना. मग ती स्टुलावर चढली आणि कपाटावरच्या जुन्या पांघरुणांमागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला भोंगा तिने काढला. त्यावरची धूळ पदराने पुसली, वायर डब्याला जोडली. मॅडमनी कानांवर हात ठेवले. प्रमिलाने रेवाच्या छातीवरची चकती उचलली.

काही झालं नाही.

तिने चकती लावली, पुन्हा उचलली. वायर काढून घट्ट बसवली. भोंगा स्वतः बिघडलाय का म्हणून त्याची खालची कळ दाबली. तो एवढ्या जोरात किंचाळला की रेवा दचकली आणि शेजारच्यांचा कुत्रा भुंकू लागला. भोंगा धडधाकट होता. पण चकती उचलल्यावर तो गप्प होता.

"नव्या कर्नलमध्ये काही राहिलं असेल," आबाजी हळूच म्हणाले. "जुना ठेवला आहेस न?"

जुना कधी पुसायचा नाही, असा त्या आईबापांच्या मंडळाचा नियम होता. प्रमिलाने डबा जुन्या कर्नलवर चालू केला. जुनी चकती जोडली, तुटक्या वायरीचं टोक बोटाने दाबून धरलं. दिवा लागला. बोट सोडलं. दिवा गेला.

भोंगा गप्प.

प्रमिला खाली फरशीवरच बसली.

तिला सगळं एकदम कळलं होतं. सडपातळ कर्नल बांधायचा तर हजारो प्रश्नांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. ते टाळायला एक सोपी आज्ञा असते. ती दिली की संगणक फक्त एवढंच पाहतो, की आत्ता, या घटकेला, काय काय जोडलेलं आहे. त्याची भाषा ठेवायची, बाकी सगळ्यांची काढून टाकायची. जोडलेलं तेवढंच. म्हणून मंडळाच्या सूचनेत पहिलं वाक्य ठळक अक्षरांत होतं, आधी सगळं जोडा, मग आज्ञा द्या. हे वाक्य प्रमिलाने स्वतः बार्शीच्या एका आईला आणि धुळ्याच्या एका बापाला फोनवर समजावून सांगितलं होतं.

आणि तिच्या घरात भोंगा जोडलेला नव्हता. रेवा तीन-चार वर्षांची असताना रात्री कुशीवर वळायची, चकती सरकायची, भोंगा किंचाळायचा. पोर घाबरून उठायची आणि मग झोपायलाच नको म्हणायची. तसंही भोंगा वाजायच्या आधीच प्रमिला जागी झालेली असायची. रेवाच्या श्वासाचा आवाज थांबला की तिचे डोळे उघडायचेच. एकदा वैतागून तिने भोंग्याची वायर उपटली. उद्या लावू म्हणाली. त्यानंतर तिने जेव्हा जेव्हा कर्नल बांधला, तेव्हा तेव्हा संगणकाने घरात काय आहे ते पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की या घराला भोंगा लागत नाही.

"म्हणजे इतकी वर्षं फक्त आईच वाजत होती?" रेवाने विचारलं.

मेश्राम मॅडमचा चेहरा उतरला होता. आपण काय पत्करून बसलो होतो, हे बहुधा त्यांना आत्ता समजत होतं.

"उद्या जायचं नाही," प्रमिला म्हणाली.

"आई!"

"नाही म्हणजे नाही. मला एकदा जरी ताप आला असता, एकदा जरी गोळी घेऊन मी झोपले असते..."

"पण ती तर इथेच होती न," आबाजी म्हणाले. "चिखलदऱ्याला नव्हती. धोका होता तो या घरातच होता. उद्या ती न गेल्याने तो जाणार आहे का?"

"मामंजी, तुम्ही मला हिशेब शिकवू नका आत्ता."

"हिशेब नाही, बाई. मी एवढंच म्हणून राहिलो, की कविता आली म्हणून हे कळलं. तिनं ऐकवा म्हटलं म्हणून. आपण घरचे किती शहाणे, पण आपल्याला कुणाला ते सुचलं नाही. कारण तू होतीस." त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. "पुन्हा बांध. कुठं जायचं न जायचं ते मागून पाहू. पण बांधावा तर लागेलच."

ते खरं होतं. प्रमिला उठली.

या वेळी तिने लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणला. ती सोपी आज्ञा द्यायची तिची हिंमतच होईना. यादी उघडली. हजारो ओळी, प्रत्येकीपुढे रिकामी चौकट. सगळ्यांना हो म्हणावं तर तोच जुना सुस्त कर्नल. नाही म्हणावं तर काय राहून जाईल ते कसं कळणार? भोंग्याला तिने हो केलं. मग पुढच्या ओळीवर तिचा हात थांबला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा चार्जर. घरात असं काही नव्हतं. आजवर दर वेळी त्या सोप्या आज्ञेने त्याला परस्पर नाही म्हटलं होतं.

"रेवे," आबाजी म्हणाले, "तू कुठं कुठं जाणार आहेस, ते आईला सांग बरं. उद्याचं नाही. कधीही."

"कुठेही?"

"कुठेही. झोप येईस्तोवर सांग. नाही, नाही, झोप येऊ न देता सांग."

"चिखलदरा. बसने. बसमध्ये झोप लागली तर?"

प्रमिलाने मोटारीच्या चार्जरला हो केलं.

"मग बाबांकडे गडचिरोलीला. तिथं वीज जाते, बाबा म्हणतात."

सौर बॅटरी. हो.

"मग स्नेहलकडे झोपायला. तिच्याकडे असला भोंगा नाही, पण तिच्या आईचा फोन आहे."

फोनवर इशारा पाठवायचा. प्रमिला क्षणभर थांबली. स्नेहलची आई. तो निरोप दुसऱ्याच कुणाच्या फोनवर जाणार होता. हो.

"मग कॉलेजला. पुण्याला किंवा कुठे, नाही माहीत. मग समुद्र. जहाजावर झोपतात का, आबाजी?"

"झोपतात न. खलाशी काय उभेच राहतात?"

"मग जहाज."

"जहाजाचं नंतर पाहू," प्रमिला म्हणाली आणि तिने कर्नल बांधायला लावला.

संगणकाचा पंखा घोंघावू लागला. कर्नल बांधून होईस्तोवर आबाजींनी रेवाला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, मॅडमनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिने मॅडमच्या. ऊन भिंतीवर चढलं. शेवटी नवा कर्नल डब्यात गेला आणि प्रमिलाने सगळ्यांत आधी स्पंदाचा उशीर मोजला. भीती त्याचीच होती. इतक्या गोष्टींना हो म्हटल्यावर घंटा वेळेवर होते का? आकडा आधीपेक्षा वाढला होता, पण धोक्याच्या रेषेपासून बराच खाली होता. तिने तीनदा मोजून पाहिला.

मग चकती उचलली. भोंगा किंचाळला. कुत्रा भुंकला. रेवा टाळ्या पिटू लागली. "वाजला! मी चालले चिखलदऱ्याला!"

"जागेपणी वाजला," प्रमिला म्हणाली. "झोपेत वाजेल कशावरून? आणि वाजला तरी मॅडम उठतील कशावरून?"

मेश्राम मॅडमनी तोंडावरचं पाणी ओढणीने टिपलं. मग म्हणाल्या, "ताई, मलाही खात्री नाही. म्हणून म्हणते, करून पाहू. ती झोपू दे. मी बाहेर बसते, दार लोटून. तुम्ही चकती सरकवा. भोंगा वाजल्यावर मीच आत येईन. तुम्ही हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही उशीर केला तर?"

"तर नाही नेणार. मीच नेणार नाही."

प्रमिलाने आबाजींकडे पाहिलं. पण हे तिचं तिनेच ठरवायचं होतं. तिने रेवाची उशी सरळ केली.

रेवाला झोपायला एक मिनिटही लागलं नाही. दिवसभर रोखून धरलेली झोप होती ती. हिरवा दिवा लुकलुकत होता, पोट वरखाली होत होतं. प्रमिलाने टेपचं एक टोक सोडवलं. घामाने ते सैल झालंच होतं. तिने चकती बोटभर बाजूला सरकवली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

दिवा गेला. पोट खाली गेलं, ते वर आलं नाही.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. तिच्या अंगातला कण न् कण हिच्यावरच उठायला शिकला होता. तिचा हात पुढे झाला. दुसऱ्या हाताने तिने त्याचं मनगट पकडलं. यंत्र एक स्पंद हुकल्याची खात्री करून घेत होतं, तसंच तिने त्याला सांगितलं होतं. तेवढ्यात भोंगा किंचाळला.

दार उघडलं. मेश्राम मॅडम आल्या, घाईत स्टुलाला अडखळल्या, चकतीवर हात ठेवला. टेप चिकटेना. त्यांनी ओढणीने रेवाची छाती पुसली, चकती फिरवून पुन्हा दाबली. दिवा लागला नाही. "जरा वर," हे शब्द प्रमिलाच्या जिभेवर आले आणि तिने ते गिळले. मॅडमनी चकती अंगठ्याने चाचपत थोडी वर नेली.

हिरवा दिवा. पोट वर आलं. भोंगा थांबला आणि कानांत नुसती सुं सुं राहिली.

रेवाने अर्धा डोळा उघडला. "मॅडम, तुमचे हात किती गार आहेत," म्हणाली आणि कुशीवर वळली. चकती जागेवर राहिली.

मॅडमचं कपाळ घामाने भिजलं होतं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि कितीतरी वेळ रेवाच्या पोटाकडेच पाहत राहिल्या. मग त्यांनी टेपची गुंडाळी पर्समध्ये टाकली, अजून एक मागून घेतली. निघताना दारात थांबल्या.

"ताई, मी उद्या रात्री फोन करत जाऊ का तुम्हाला? दर तासाला? सगळं ठीक आहे म्हणून?"

प्रमिला हो म्हणणार होती.

"नको," ती म्हणाली. "भोंगा वाजला तर आधी चकती लावा. पोट हललं की मग मला करा."

"आणि नाही वाजला तर?"

"तर नका करू."

मॅडम गेल्या. प्रमिला दाराची कडी लावायला गेली, पण लावली नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. आतून रेवाच्या श्वासाचा आवाज येत होता. आबाजी पाण्याचा पेला घेऊन आले, तो तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले.